कॅम बदलताना पाहायचा आकडा: इनटेक व्हॉल्व्ह कधी मिटतो?

प्रश्न : माझ्याकडे रॉयल एनफील्ड इंटरसेप्टर 650 आहे. मी आणि पत्नी तिच्यावरून भालकीहून उमरगा-सोलापूरमार्गे पुण्याला मुलाकडे जातो. गाणगापूर, तुळजापूर, पंढरपूर यांच्या वाऱ्या तर असतातच. दोघे आणि दोन्ही बाजूंच्या बॅगा म्हटल्यावर उसाचा ट्रॅक्टर ओलांडताना गाडी थोडी जड वाटते. हैदराबादच्या एका गॅरेजमध्ये ‘हाय लिफ्ट कॅम टाका, गाडी उडेल’ असं सांगितलं. कॅम बदलावा का? बदलायचा तर कोणता निवडावा? (एक वाचक, भालकी, जि. बीदर)

उत्तर : नुसता ‘हाय लिफ्ट’ हा शब्द ऐकून कॅम घेऊ नका. टूरिंगच्या गाडीसाठी कॅम निवडताना पहिला प्रश्न एकच असतो : इनटेक व्हॉल्व्ह नेमका कधी बंद होतो? लिफ्ट, ड्युरेशन, ओव्हरलॅप हे सगळं त्यानंतर. विकणाऱ्याला हा आकडा सांगता येत नसेल तर तो कॅम कितीही स्वस्तात मिळाला तरी नको.

आधी तुमची गाडी कुठल्या आरपीएमला चालते ते पाहू. इंटरसेप्टरचं इंजिन 648 सीसीचं आहे, बोअर 78 मिमी आणि स्ट्रोक 67.8 मिमी. सुमारे 47 बीएचपी ताकद मिळते ती 7,250 आरपीएमजवळ, आणि 52 न्यूटन-मीटरचा टॉर्क 5,250च्या आसपास. 2018 साली गाडी बाजारात आली तेव्हा कंपनीने आणखी एक गोष्ट ठासून सांगितली होती : यातला 80 टक्के टॉर्क 2,500 आरपीएमलाच हाताशी येतो. म्हणजे कंपनीचा मूळ कॅम मुद्दाम खालच्या आणि मधल्या आरपीएमसाठी घडवलेला आहे.

राष्ट्रीय महामार्ग 65वर तुम्ही सहाव्या गिअरमध्ये 90 ते 100च्या वेगाने जाता तेव्हा काटा 3,500 ते 4,000च्या आसपास असतो. हुमनाबाद-कलबुर्गी रस्त्यावर, गावं आणि गतिरोधक लागतात तिथे, त्याहून खाली. तुमच्या प्रवासाचा मोठा भाग 2,500 ते 4,500 या पट्ट्यात जातो. 7,000ला तुम्ही वर्षातून किती वेळा जाता, हे तुमचं तुम्हालाच ठाऊक. कॅम निवडायचा तो या पट्ट्यासाठी.

आता इंजिनाच्या आत काय घडतं ते समजून घ्या, म्हणजे दुकानदाराच्या बोलण्यातलं खरं-खोटं तुम्हालाच कळेल. इनटेकच्या स्ट्रोकमध्ये पिस्टन खाली जातो आणि हवा-पेट्रोल आत ओढलं जातं. पिस्टन तळाला पोचला की व्हॉल्व्ह बंद व्हावा, असं आपल्याला वाटतं. पण प्रत्यक्षात बहुतेक इंजिनांत तो उशिरा मिटतो. पिस्टन वर निघालेला असतो, तरी व्हॉल्व्ह उघडाच असतो. याचं कारण हवेच्या वेगात आहे. वरच्या आरपीएमला इनटेक पोर्टमधली हवा इतक्या जोरात धावत असते की पिस्टन वर येऊ लागला तरी ती आत घुसतच राहते. तिथे उशिरा मिटण्याचा फायदा होतो, सिलिंडर जास्त भरतो. खालच्या आरपीएमला हवेला तेवढा जोर नसतो. तिथे उघडा राहिलेला व्हॉल्व्ह तोट्याचा, कारण वर येणारा पिस्टन भरलेली हवा परत पोर्टमध्ये ढकलून देतो.

हे मिलिमीटरमध्ये मोजता येतं. क्रॅंक तळबिंदूच्या पुढे 40 अंश फिरला, त्या क्षणी इंटरसेप्टरचा पिस्टन तळापासून साधारण 6 मिमी वर आलेला असतो. 60 अंशांवर तोच पिस्टन 13 ते 14 मिमी वर असतो. दाब निर्माण होतो तो व्हॉल्व्ह मिटल्यावरच. म्हणून 60 अंशांवर मिटणाऱ्या कॅममध्ये 67.8 मिमीच्या स्ट्रोकचा जवळजवळ पाचवा हिस्सा खालच्या आरपीएमला वाया जातो, तर 40 अंशांवर मिटणाऱ्या कॅममध्ये अकरावा हिस्सा. या इंजिनाचा कॉम्प्रेशन रेशो कागदावर 9.5 आहे. पण इंजिनाला प्रत्यक्ष मिळणारा रेशो पहिल्या कॅममध्ये 7.8च्या आसपास उतरतो आणि दुसऱ्यात पावणेनऊच्या जवळ राहतो. ‘गाडी खालून ओढत नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा या फरकातूनच येते.

म्हणून एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. त्याच सीसीच्या इंजिनात कॅम बदलला की ताकद मुख्यतः एका आरपीएमवरून दुसऱ्या आरपीएमवर सरकते. समजा एखाद्या कॅमने 7,000 आरपीएमला 4 न्यूटन-मीटर वाढवले आणि 4,000ला 3 कमी केले. वर जवळजवळ 4 बीएचपीची वाढ दिसेल, खाली 1.7 बीएचपीची घट होईल. जाहिरातीत वरचे 4 छापले जातात. उसाची दुहेरी ट्रॉली ओलांडताना मात्र तुमच्या वाट्याला खालची घटच येते.

कॅमच्या कागदावर काय वाचायचं?

प्रत्येक चांगल्या कॅमबरोबर एक कार्ड येतं. त्यावरच्या चार गोष्टी पाहा.

पहिली, इनटेक मिटण्याचा अंश. जड टूरिंग हार्ली-डेव्हिडसनसाठी अमेरिकेत जे ‘टॉर्क कॅम’ विकले जातात, ते साधारणपणे तळबिंदूनंतर 25 ते 35 अंशांवर मिटतात. पण हा अंश 0.053 इंच लिफ्टवर मोजलेला असतो, म्हणजे व्हॉल्व्ह अजून 1.35 मिमी उघडा असताना. आपल्याकडे येणाऱ्या काही कॅमचे आकडे 1 मिमीवर मोजलेले असतात, काहींचे पूर्ण बंद होण्याच्या क्षणी. मोजण्याची उंची वेगळी असेल तर दोन कॅमची तुलना करताच येत नाही. दुकानदाराला विचारा, “हा आकडा किती लिफ्टवरचा आहे?” आणि मूळ कॅमचाही त्याच लिफ्टवरचा आकडा मागा. टूरिंगसाठी नवा कॅम मूळ कॅमपेक्षा फार तर 4-5 अंश उशिरा मिटणारा असावा. त्यापुढचे कॅम ट्रॅकसाठी ठीक आहेत, भालकी-पुणे प्रवासासाठी नाहीत.

दुसरी, ड्युरेशन, म्हणजे व्हॉल्व्ह क्रॅंकच्या किती अंशांपर्यंत उघडा राहतो ते. ड्युरेशन वाढलं की मिटणं बहुधा उशिरा जातंच, म्हणून हा आकडा पहिल्याशी जोडून वाचा.

तिसरी, लिफ्ट. लिफ्ट वाईट नाही, उलट टूरिंगसाठी थोडी जास्त लिफ्ट आणि कमी ड्युरेशन हा मेळ चांगला असतो. पण त्यालाही मर्यादा आहे. व्हॉल्व्ह आपल्या व्यासाच्या चौथ्या हिश्शाइतका उचलला की भोवतालच्या फटीचं क्षेत्रफळ व्हॉल्व्हच्या तोंडाइतकं होतं. समजा व्हॉल्व्ह 32 मिमीचा असेल तर 8 मिमीच्या पुढच्या लिफ्टचा फायदा झपाट्याने आटतो. स्प्रिंग आणि रॉकर यांच्यावरचा ताण मात्र वाढतच जातो.

चौथी, ओव्हरलॅप, म्हणजे एक्झॉस्ट अजून मिटलेला नाही आणि इनटेक उघडायला लागला आहे तो काळ. ओव्हरलॅप जास्त असेल तर स्लोला गाडी धडधडते आणि कच्चं पेट्रोल सायलेन्सरमधून निघून जातं. पीयूसीला पेट्रोलच्या दुचाकीची तपासणी स्लोवरच होते, त्यामुळे हायड्रोकार्बनचा आकडा वर जातो आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लवकर खराब होतो. इंटरसेप्टरला एकच ओव्हरहेड कॅमशाफ्ट असल्याने इनटेक आणि एक्झॉस्ट लोबमधलं अंतर घडवतानाच ठरलेलं असतं, नंतर ते बदलता येत नाही. समायोज्य स्प्रॉकेटने सगळा कॅम पुढे-मागे करता येतो, तेवढंच. तो 2-4 अंश पुढे घेतला की इनटेक लवकर मिटतो आणि खालची ओढ सुधारते.

650 ट्विनसाठी ब्रिटन आणि अमेरिकेतले कारखानदार कॅम बनवतात, ब्रिटनची टेक ही त्यातली परिचित कंपनी. परदेशातून मागवताना डायनोचा, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्राचा, आलेखही मागवा आणि 7,000चं टोक सोडून 3,000 ते 5,000मधली रेघ मूळ कॅमच्या रेघेशी ताडून पाहा. नवी रेघ या पट्ट्यात खाली जात असेल तर तो कॅम तुमच्यासाठी नाही.

कलबुर्गीचा उन्हाळा आणि पंपावरचं पेट्रोल

आता दुसरी बाजू. ‘लवकर मिटणारा कॅम चांगला’ म्हणून कुणी मूळ कॅमपेक्षाही लवकर मिटणारा कॅम टाकला, तर खालच्या आरपीएमला सिलिंडरमधला दाब वाढतो. आपल्या भागात एप्रिल-मेमध्ये कलबुर्गीचा पारा चाळिशी ओलांडतो. इंजिन हवा आणि ऑइलवर थंड होणारं, त्यात दोन माणसं आणि सामान. अशा वेळी सहाव्या गिअरमध्ये खालच्या आरपीएमवर थ्रॉटल पूर्ण उघडलं की नॉकिंग सुरू होण्याची भीती असते. बीएस-6 नियमांनुसार साध्या पेट्रोलचा ऑक्टेन किमान 91 असतो. इथेनॉल मिसळल्याने ऑक्टेन वाढतो, पण इथेनॉलला पेट्रोलपेक्षा हवा कमी आणि इंधन जास्त लागतं. शुद्ध पेट्रोलला एका भागामागे 14.7 भाग हवा लागते, शुद्ध इथेनॉलला सुमारे 9. ई20, म्हणजे 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल, भरलेल्या टाकीवर इंजिनाला थोडं जास्त इंधन द्यावं लागतं.

ही गोष्ट कॅमशी थेट जोडलेली आहे. कॅम बदलला की सिलिंडरमध्ये शिरणाऱ्या हवेचं प्रमाण प्रत्येक आरपीएमला बदलतं, आणि ईसीयूमधला, म्हणजे इंजिनाच्या संगणकातला, इंधनाचा तक्ता मूळ कॅमवर बसवलेला असतो. सावकाश चालताना ऑक्सिजन सेन्सर थोडी दुरुस्ती करतो, थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर करत नाही. मिश्रण पातळ झालं तर इंजिन तापतं, नॉक करतं आणि शेवटी पिस्टनचा बळी जातो. म्हणून कॅमच्या किमतीत ईसीयू ट्यूनिंगचा खर्च आधीच धरा. बेंगळुरूच्या रेस डायनॅमिक्सचं पॉवरट्रॉनिकसारखं जोडयंत्र यासाठी वापरतात, पण ते डायनोवर, तुमच्याच गाडीवर बसवून घ्यायला हवं. दुसऱ्याच्या गाडीचा मॅप टाकून भागत नाही.

बसवताना

कॅम बसवणाऱ्या मिस्त्रींकडे डिग्री व्हील आणि डायल गेज आहे का, हे आधी पाहा. ती दोन्ही नसतील तर काम त्यांना देऊ नका, मग ते हाताचे कितीही निष्णात असोत.

नव्या कॅमचा व्हॉल्व्ह पिस्टनला लागत नाही ना, याची तपासणी अशी होते. हेड काढून पिस्टनच्या माथ्यावर, व्हॉल्व्हच्या खाचांत, मुलांच्या खेळण्यातल्या मऊ मातीचे पातळ थर ठेवतात आणि त्यांवर तेलाचं बोट फिरवतात. हेड, गॅस्केट, कॅम सगळं ठरलेल्या टॉर्कने बसवतात. मग क्रॅंक पान्याने हातानेच, सावकाश, पूर्ण दोनदा फिरवतात, कारण क्रॅंकच्या दोन फेऱ्यांत कॅमची एक फेरी पूर्ण होते. कुठेही अडल्यासारखं वाटलं तर जोर न लावता थांबतात. परत हेड उघडलं की मातीवर व्हॉल्व्हचा ठसा उमटलेला दिसतो. ब्लेडने माती कापून सगळ्यात पातळ जागी तिची जाडी व्हर्नियरने मोजतात. इनटेकला 2 मिमी आणि एक्झॉस्टला 2.5 मिमीच्या खाली अंतर आलं तर बहुतेक ट्यूनर पुढे जात नाहीत, कारण वरच्या आरपीएमला चेन ताणते, स्प्रिंग मागे पडते आणि ते अंतर आणखी घटतं.

स्प्रिंगही तपासायला हवी. जास्त लिफ्टला तिचे वेटोळे एकमेकांना भिडता कामा नयेत. रॉकरचा घासणारा भाग झिजलेला असेल तर तो नव्या कॅमलाही खाईल, म्हणून तो बदला. टायमिंग चेन आणि टेन्शनर हेड उघडलंच आहे तर बघून घ्या. 500 किलोमीटरनंतर ऑइल बदला आणि टॅपेटचं अंतर पुन्हा तपासा.

कायद्याची बाजू

मोटार वाहन कायदा, 1988च्या कलम 52 नुसार गाडीत असा बदल करता येत नाही, ज्याने नोंदणीतला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून वेगळा होईल. 2019च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182ए मध्ये कायद्याने परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. कॅमबरोबर मोठा बोअर किट टाकून सीसी वाढवला तर आरसीवरचा आकडा खोटा ठरतो. ते करूच नका. नुसत्या कॅमने आरसीवरची घनक्षमता बदलत नाही, पण गाडी प्रदूषणाच्या मर्यादेत राहण्याची जबाबदारी तुमचीच असते. वॉरंटी असेल तर ती जाईल. कर्नाटक, महाराष्ट्र, तेलंगण अशा तीन राज्यांत गाडी फिरणार असेल तर विम्याच्या कंपनीलाही बदल लेखी कळवून ठेवा. अपघातानंतर हा प्रश्न निघाला तर उत्तर देणं कठीण जातं.

मग तुम्ही काय करावं?

माझं स्पष्ट मत : तुमच्या वापरासाठी मूळ कॅमच ठेवा. गाडीची स्वस्त कामं बाकी असतील तर ती आधी करा. टॅपेटचं अंतर मॅन्युअलप्रमाणे, एअर फिल्टर नवा, चेन योग्य ताणात, टायरमध्ये दोघांच्या वजनासाठी सांगितलेली हवा. ट्रॉली ओलांडताना सहाव्यावरून चौथ्याला या. 5,000च्या वर गेलेली इंटरसेप्टर निराळंच यंत्र असते. तरीही ओढ कमी वाटली तर पुढचं 15 दातांचं स्प्रॉकेट काढून 14 दातांचं लावा. साधारण 7 टक्के जास्त ओढ प्रत्येक गिअरमध्ये मिळते, कॅमच्या खर्चाच्या अल्पशा भागात, आणि पटलं नाही तर तासाभरात जुनं परत लावता येतं. सहाव्या गिअरमध्ये आरपीएम तेवढाच वाढेल, ही त्याची किंमत.

प्रश्न : माझी 2014ची क्लासिक 350 आहे, यूसीई इंजिनाची. तिलाही कॅम बदलून फायदा होईल का? (एक वाचक, आळंद, जि. कलबुर्गी)

उत्तर : तुमच्या गाडीला तर कमीच. यूसीई इंजिनाचा बोअर 70 मिमी आणि स्ट्रोक 90 मिमी. 28 न्यूटन-मीटरचा टॉर्क 4,000 आरपीएमलाच मिळतो आणि 19.8 बीएचपी 5,250ला. या लांब स्ट्रोकमुळे 5,250ला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला पावणेसोळा मीटर होतो. ताकद 6,500ला नेणारा कॅम टाकला तर तो वेग साडेएकोणीस मीटरवर जातो. 90 मिमीच्या स्ट्रोकला रोजच्या वापरात हा वेग सोसत नाही. बेअरिंग आणि पिस्टनच आधी दाद मागतात.

शिवाय या इंजिनात पुशरॉड आणि हायड्रॉलिक लिफ्टर आहेत. ते ऑइलच्या दाबावर टॅपेटचं अंतर आपोआप सांभाळतात, म्हणून तुम्हाला टॅपेट सेट करावे लागत नाहीत. पण कॅमचा चढ फार तीव्र असेल आणि आरपीएम वर गेला तर लिफ्टर ऑइलने जास्त भरून व्हॉल्व्ह पूर्ण मिटू देत नाहीत. एक्झॉस्टच्या कॅमवर स्टार्ट करताना दाब सोडणारी डिकॉम्प्रेसरची व्यवस्था असते. बाहेरच्या कॅममध्ये ती नसेल तर सेल्फ आणि किक दोन्हींवर ताण येतो. तुमच्या गाडीला चांगलं ऑइल वेळेवर द्या. लिफ्टरचा टकटक आवाज ऑइल बदलूनही जात नसेल तर ते लिफ्टर तपासा. त्यातच तुमचा पैसा सत्कारणी लागेल.

प्रश्न : आमच्याकडे लेथवाले जुना कॅम घासून ‘रेसिंग’ करून देतात. निम्म्याहून कमी खर्चात काम होतं. करून घ्यावं का? (एक वाचक, बसवकल्याण)

उत्तर : कॅम पुन्हा घासण्याचं तंत्र जगभर आहे आणि योग्य यंत्रावर ते चांगलं होतं. पण ते कॅम-ग्राइंडिंग यंत्रावर, मास्टर प्रोफाइलवरून होतं, साध्या लेथवर नाही. लोब उंच करण्यासाठी त्यावर वेल्डिंगने धातू चढवावा लागतो किंवा खालचं बेस सर्कल घासून लहान करावं लागतं. बेस सर्कल लहान झालं की रॉकरची जागा बदलते, टॅपेटचा स्क्रू जास्त बाहेर घ्यावा लागतो आणि रॉकर व्हॉल्व्हच्या टोकाला मधोमध न लागता कडेला घासू लागतो. त्याने व्हॉल्व्ह गाइड वाकडी झिजते.

आणखी महत्त्वाचं म्हणजे कॅमचा पृष्ठभाग उष्णतेने कठीण केलेला असतो, आणि ती कठीण कातडी पातळच असते. घासण्यात ती निघाली किंवा वेल्डिंगच्या उष्णतेने मऊ पडली, तर काही हजार किलोमीटरांत लोबचं टोक सपाट होतं. निघालेला चुरा ऑइलमधून सगळ्या इंजिनात फिरतो. म्हणून लेथवाल्यांना तीन गोष्टी विचारा : लोबची कठीणता रॉकवेलवर मोजून देणार का? घासण्याआधी आणि नंतरचा लिफ्टचा तक्ता अंशाअंशाने देणार का? दोन्ही सिलिंडरचे लोब एकसारखे असल्याची खात्री देणार का? तिन्हींना ‘हो’ मिळालं तर विचार करा, नाही तर मूळ कॅम जपा.

तिन्ही वाचकांना एकच विनंती. गाडी घरच्या माणसांना घेऊन लांब जाते, तेव्हा तिची किंमत तिच्या टोकाच्या वेगात नसते. उन्हातान्हात, वाऱ्यात, भरल्या सामानानिशी ती न कुरकुरता पोचवते, यात असते. कॅम घ्यायचाच असेल तर कार्ड, आलेख आणि डिग्री व्हील या तिन्हींची व्यवस्था करून मगच पैसे मोजा.